परक्याची साक्ष आणि आपला हक्क : मणिबेलीपासून शिरूर कासारपर्यंत

आजचा विषय कागदावर जड दिसतो : आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क, आणि ते पुढे नेण्यात स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा वाटा. साध्या भाषेत प्रश्न असा आहे. आपल्या माणसाची जमीन जाते, मजुरी पुरी मिळत नाही, आजारी बाईला नीट उपचार मिळत नाहीत. अशा वेळी हजारो कोसांवरून आलेला, इथली भाषाही न येणारा कुणी जाणता माणूस काय उजेड पाडणार? आणि आपल्या सरकारनं त्याचं का ऐकावं? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी आज या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधणार आहोत. असे तज्ज्ञ महाराष्ट्रात येऊन गेले आहेत. त्यांनी काय केलं आणि त्यातून काय निघालं, हे तपासता येतं.

आधी ‘हक्क’ या शब्दाचा उलगडा करू. १९७२ चा दुष्काळ इथल्या जुन्या माणसांच्या अंगावर अजून आहे. खडी फोडली, बंडिंगची कामं केली, सुकडी खाल्ली. ते काम सरकारनं ‘दिलं’ होतं. पुढे वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रुजलेल्या योजनेचा १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खडी तीच, टिकाव तोच. पण आता काम मागणारा माणूस दारात उभा राहून म्हणू शकत होता, ‘काम द्या, नाहीतर भत्ता द्या.’ उपकार आणि हक्क यांच्यात फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. उपकाराबद्दल आभार मानायचे असतात. हक्काचा हिशेब मागता येतो.

त्याच वर्षी, १० एप्रिल १९७९ रोजी, भारतानं आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. हा करार संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये केला आणि १९७६ मध्ये तो अमलात आला. काम, न्याय्य मजुरी, अन्न, घर, आरोग्य, शिक्षण हे सगळं त्यात आहे. आपल्या राज्यघटनेनं यातलं बरंचसं मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं. म्हणजे राज्यानं करावं, पण त्यासाठी थेट कोर्टात जाता येणार नाही. करारानं त्यात एक गोष्ट वाढवली : ठराविक काळानं जगापुढे हिशेब द्यायचा. हा हिशेब ऐकायला १९८५ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अठरा सदस्य सरकारांच्या मतांनी निवडून येतात, पण बसतात ते स्वतःच्या नावावर. कोणत्याही सरकारनं त्यांना सूचना द्यायच्या नाहीत. यांच्याबरोबर ‘विशेष प्रतिवेदक’ असतात. एकेक विषय त्यांच्याकडे असतो आणि या कामाचा पगार त्यांना मिळत नाही. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा इथला अर्थ हा.

ही कल्पना मात्र १९८५ ची नाही. तिचं मूळ कामगारांच्या इतिहासात आहे आणि मराठी माणूस त्यात सुरुवातीपासून आहे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. बाहेरचा तज्ज्ञ तेव्हा कुणी नव्हता. होता तो आपला सत्यशोधक कार्यकर्ता. पुढे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्माला आली. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. कामाच्या तासांचा ठराव तिथे झाला. इतरांना आठवड्याचे ४८ तास, हिंदुस्थानला ६०. भेदभाव होताच. पण तोवर इथे तेवढीही मर्यादा नव्हती. १९२२ च्या कायद्यानं ६० तास ही गिरण्यांची कमाल मर्यादा झाली.

करार झाले, पण ते पाळले जातात का, हे कोण बघणार? सरकारं एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून १९२६ मध्ये मजूर संघटनेनं तज्ज्ञांची एक समिती काढली. सुरुवातीला आठ जण, आज वीस. न्यायाधीश, कायद्याचे प्राध्यापक असे. त्यांचं काम कंटाळवाणं वाटेल असं आहे. सरकारचा अहवाल वाचायचा, कायद्याशी ताडून बघायचा आणि प्रश्न विचारायचे. उत्तर आलं नाही तर पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आपल्याकडे तगादा म्हणतात तो हाच. सावकाराचा तगादा आपल्याला माहीत आहे. हा गरिबाच्या बाजूनं सरकारला लावलेला तगादा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली नावाचं आदिवासी गाव. तेव्हा जिल्हा धुळे, १९९८ पासून नंदुरबार. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं यायची होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आणि धरणाला लागून असलेलं मणिबेली त्यांत अगदी पुढे. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ चाच. त्या निवाड्यात एक चांगली गोष्ट होती : ज्याची जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कुटुंबाला किमान दोन हेक्टर. १९८५ मध्ये जागतिक बँकेनं ४५ कोटी डॉलर मंजूर केले.

मग अडचण कुठे होती? अडचण ‘जमीन कुणाची’ या शब्दांत होती. सातपुड्यातल्या त्या गावांत पिढ्यान्पिढ्या कसलेली बरीचशी जमीन सरकारी दप्तरी जंगलाची होती. सातबारा नाही, म्हणून जमीन नाही. जमीन नाही, म्हणून बदल्यात जमीन नाही. आजोबापासून नांगरणारा माणूस कागदावर ‘अतिक्रमणदार’ ठरला. मोठ्या मुलाचं काय, भूमिहीनाचं काय, याची उत्तरं तिन्ही राज्यांत वेगवेगळी. गुजरातनं १९८७ मध्ये, आर्च-वाहिनीसारख्या संघटनांच्या रेट्यामुळे, प्रौढ मुलांना आणि भूमिहीनांनाही दोन हेक्टर देऊ केले. महाराष्ट्राचं धोरण तेवढं मोकळ्या हाताचं नव्हतं.

१९८६ पासून महाराष्ट्राच्या बाजूला नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली आणि पुढे तीन राज्यांची मिळून नर्मदा बचाओ आंदोलन ही संघटना झाली. त्याच सुमारास मजूर संघटनेच्या तज्ज्ञ समितीनंही भारत सरकारला विचारायला सुरुवात केली. आधार कोणता? आदिवासींबद्दलचा १०७ क्रमांकाचा करार. १९५७ चा हा करार भारतानं १९५८ मध्येच मान्य केला होता. त्यात साफ म्हटलं आहे की परंपरेनं ताब्यात असलेल्या जमिनीवर आदिवासींचा मालकी हक्क मानला पाहिजे, आणि हलवावंच लागलं तर निदान तेवढ्याच प्रतीची जमीन दिली पाहिजे. म्हणजे सरकारनं तीस वर्षांपूर्वी सही केली होती आणि डोंगरातल्या माणसाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सही आपली, शब्द आपला. बाहेरच्या माणसानं फक्त आठवण करून दिली.

डिसेंबर १९९० मध्ये मोर्चा निघाला आणि गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथे अडवला गेला. तिथे उपोषण झालं, तीन आठवडे चाललं. धरण थांबलं नाही. पण १९९१ मध्ये जागतिक बँकेनं आपल्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी मान्य केली. बँकेच्या इतिहासात असं आधी झालं नव्हतं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स. हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. उपाध्यक्ष थॉमस बर्जर, कॅनडातले न्यायाधीश राहिलेले. तिथल्या आदिवासी मुलुखातून जाणाऱ्या वायुवाहिनीची चौकशी त्यांनी सत्तरच्या दशकात केली होती. ज्या बँकेची चौकशी तीच खर्च देणार, म्हणून त्यांनी अटी आधी पक्क्या करून घेतल्या : सगळी कागदपत्रं पाहायला मिळाली पाहिजेत, पैशाचा वापर आमच्या हातात, आणि अहवाल आहे तसा छापला जाईल. श्रोतेहो, या अटी लक्षात ठेवा. कुठलीही चौकशी समिती आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा : अहवाल छापणार का?

दहा-एक महिने ही मंडळी फिरली. सरकारी अधिकारी, अभियंते, आंदोलनातले, आंदोलनाविरुद्धचे, पाड्यांवरचे लोक, सगळ्यांना भेटली. १८ जून १९९२ ला अहवाल आला, साडेतीनशेहून अधिक पानांचा. निष्कर्षांचा सारांश असा : किती लोक उठणार याचीच नीट मोजणी झालेली नाही, आजच्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, पर्यावरणावरचे परिणाम धडपणे अभ्यासलेले नाहीत, अतिक्रमणदार म्हणून ज्यांना बाजूला काढलं त्यांचा रिवाजाचा हक्क १०७ व्या करारानं मान्य होतो, आणि या सगळ्यात बँकही दोषी आहे. बँकेनं एक पाऊल मागं घ्यावं, असं त्यांनी सुचवलं.

पुढे काय झालं तेही सरळ सांगू. ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या संचालकांनी बहुमतानं प्रकल्प चालूच ठेवला, फक्त सहा महिन्यांच्या अटी घातल्या. त्या अटी पुऱ्या होईनात, तेव्हा मार्च १९९३ च्या अखेरीला भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरण सरकारी पैशानं पुढे चाललं. त्याच पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरलं. आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ ऑक्टोबर २००० ला बहुमतानं बांधकामाला परवानगी मिळाली, न्यायमूर्ती भरुचांचं मत मात्र वेगळं होतं. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं.

मग तज्ज्ञांनी मिळवलं काय? एवढ्यावरूनच हिशेब केला तर उत्तर शून्य येईल. पण तीन गोष्टी पाहा. एक, सप्टेंबर १९९३ मध्ये जागतिक बँकेला कायमचं तपासणी मंडळ नेमावं लागलं. बँकेच्या पैशानं नुकसान झालेले जगातल्या कुठल्याही गावचे लोक आता मिळून तिथे तक्रार करू शकतात. मणिबेलीनं जे भोगलं त्याचा उपयोग मणिबेलीला कमी आणि परमुलखाला जास्त झाला. दोन, पुनर्वसनाचा आकडा हा वादाचा विषय झाला. त्यानंतर ‘सगळ्यांचं पुनर्वसन झालं’ असं नुसतं म्हणून भागेना; नावनिशीवार यादी मागितली जाऊ लागली. तीन, ‘अतिक्रमणदार’ या शब्दाला जाहीर आव्हान मिळालं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं संसदेच्या तोंडून कबूल केलं आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वी कसत असलेल्यांचा हक्क मान्य केला. तो कायदा मोर्स यांच्यामुळे झाला असं आम्ही म्हणणार नाही. तो देशभरच्या आदिवासींच्या लढ्यानं झाला. पण त्याच्या चौदा वर्षं आधी हीच गोष्ट एका तिऱ्हाइतानं पुराव्यासह लिहून ठेवली होती.

आता आपल्यातलाच एक आक्षेप. आपण दुष्काळी मुलखातली माणसं. सिंदफणेला पाणी कधी असतं हे आपल्याला विचारा. कच्छ-सौराष्ट्रातला माणूस पाणी मागतो, त्याला आपण चूक कसं म्हणणार? म्हणूच नये. पाणी हाही हक्कच आहे. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या समितीनं २००२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. हक्काविरुद्ध हक्क उभा राहतो तेव्हा एकाचा हक्क खोटा ठरवून सुटका करून घेणं सोपं असतं. तेच टाळायचं असतं. आपल्याच सिंदफणेवर माजलगावला धरण झालं, पैठणला गोदावरीवर जायकवाडी झालं. त्या पाण्यानं रानं भिजली आणि त्याच पाण्याखाली गावंही गेली. उठलेल्यांचा हिशेब पुरा मागणं म्हणजे भिजलेल्या रानाचा द्वेष करणं नव्हे. आर्च-वाहिनीच्या लोकांनीही मोर्स अहवालावर कडक टीका केली होती. गुजरातेत सुधारलेलं काम त्यात नीट दिसलं नाही, असं त्यांचं म्हणणं. तीही ऐकली पाहिजे. तज्ज्ञ म्हणजे देव नव्हे. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते, त्याला हाकलून द्यायचं नसतं.

न्यायाधीश आणि साक्षीदार यांतला हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशाकडे अधिकार असतो. साक्षीदाराकडे फक्त पाहिलेलं असतं आणि गमावण्यासारखं काही नसतं. भाऊबंदकीत बांधाचा वाद निघाला की आपण पंच कुठला बोलावतो? दोन्ही घरांशी सोयरीक नसलेला. त्याला बांध आपल्याइतका माहीत नसतो, पण त्याला बांधातून काही घ्यायचं नसतं. परकेपणा हा इथे त्याचा दोष नाही, तीच त्याची लायकी. मात्र पंचाला बोलवावं लागतं. फेरकुवाला माणसं बसली नसती तर मोर्स आले नसते.

आता शिरूर कासार. दसरा झाला की टोळ्या निघतील. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पहाटे फड, रात्री गाडी भरणं, कोपीत झोपणं. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वजा. पट्टा पडेपर्यंत उचल फिटली नाही तर पुढच्या साली त्याच मुकादमाकडे. लोखंड्यांनी १८९० मध्ये मिळवलेली आठवड्याची सुट्टी कोयत्यापर्यंत अजून आलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं म्हणजेच वेठबिगार. कारण भुकेची सक्ती हीही सक्तीच आहे. मजूर संघटनेचा वेठबिगारीविरुद्धचा करार भारतानं १९५४ मध्ये मान्य केला, १९७६ मध्ये कायदाही केला. उचलीच्या वहीकडे या नजरेनं पाहायला हरकत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी या सभेत बसलेल्या बायाबापड्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पिशवी काढण्याची. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून हे बाहेर आलं आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांत गर्भाशय काढलेल्या निघाल्या १३,८६१. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाचं प्रमाण शंभरात सुमारे तीन होतं. दोन पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नसतील. तरी एवढा फरक नुसता वयानं पडत नाही.

कुणी म्हणेल, बायकांनी कागदावर अंगठे दिले, सह्या दिल्या, संमती होती. इथेच तज्ज्ञांचं काम उपयोगी पडतं. मुंबईचे वकील आनंद ग्रोव्हर २००८ ते २०१४ या काळात आरोग्याच्या हक्काचे विशेष प्रतिवेदक होते. २००९ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अहवाल ठेवला तो नेमका याच विषयावर : समजून-उमजून दिलेली संमती. सही म्हणजे संमती नव्हे. माहिती पुरी मिळाली का, दुसरा उपाय सांगितला का, नाही म्हणायची मोकळीक होती का, हे पाहावं लागतं. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्यावर दिलेली संमती कसली? फडात संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, अंगावरून जात असलं तरी खाड्याच्या भीतीनं मोळी उचलायची. हे सगळं बदलायचं सोडून जी बाई पिशवीच काढून टाकते, तिची ती ‘निवड’ आहे असं म्हणणं म्हणजे वाट बंद करून चालणाऱ्याला दोष देणं.

या प्रश्नात बाहेरचा तज्ज्ञ शिरूरला आलेला नाही. पण त्यांनी घडवलेली मापं इथे लावता येतात. २००० मध्ये हक्कांच्या समितीनं आरोग्याची चार मापं सांगितली : सेवा आहे का, गरिबाला पोहोचते का, माणसाचा मान राखते का, दर्जाची आहे का. ही चार मापं घेऊन आपल्या उपकेंद्रापासून फडापर्यंत चालत जा. कुठे काय कमी आहे ते आपोआप दिसेल. काही हललंही आहे. बीडमध्ये खाजगी दवाखान्यांतल्या या शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ झालं, टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची आपणहून दखल घेतली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. कागदावर सुरुवात झाली आहे.

शेवटी जगाच्या हिशेबाबद्दल. हक्कांच्या समितीपुढे भारताची शेवटची सुनावणी मे २००८ मध्ये झाली. समितीनं तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल तीव्र चिंता नोंदवली होती. बीडच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. पुढचा अहवाल २०११ मध्ये द्यायचा होता. त्यानंतर दशक उलटून गेलं तरी पुढची सुनावणी झाली नाही. एकट्या माणसाला या समितीकडे तक्रार करता यावी म्हणून २००८ मध्ये जोडकरार झाला, तो २०१३ पासून अमलात आहे. भारत त्यात नाही. म्हणजे तगादा लावणारे आहेत, पण वही आपण उघडतच नाही.

ती वही गावात उघडता येते, असं आमचं म्हणणं आहे. टोळी निघण्याआधी ग्रामपंचायतीत नोंद झाली पाहिजे : कोण चाललं, कुठल्या कारखान्याला, किती उचल घेऊन, बरोबर पोरं किती. पट्टा पडल्यावर त्याच पानावर पुन्हा नोंद : किती टन, किती खाडे, कुणाची शस्त्रक्रिया, कुणाची शाळा बुडाली. वहीची एक प्रत गावात, एक पंचायत समितीत. मणिबेलीत तज्ज्ञांना पहिल्यांदा सापडलं ते हेच, की माणसं कुणी मोजलीच नव्हती. उद्या न्यायालय विचारेल, जिनिव्हाची समिती विचारेल, किंवा आपल्याच घरातली शिकलेली पोर विचारेल. तेव्हा दाखवायला आपल्या हातची, आपल्या सह्यांची वही असली पाहिजे. दसऱ्याला अजून अवकाश आहे; पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, एवढं सांगून आम्ही थांबतो.